सोळा आण्यांचा इंच : एका चांदीच्या संचाच्या मापनोंदी

४ सप्टेंबर २०२३

एडिसन, न्यू जर्सी येथे राहणाऱ्या एका मराठी बाईंचे काम आज स्वीकारले. दिवाळीसाठी त्यांना चांदीचा संच हवा आहे : दोन गोल भरीव बांगड्या, गार्नेटच्या मण्यांची माळ व तिच्या मध्यावर अकीकाचे लंबगोल पदक, एका खड्याची अंगठी आणि डूल. त्यांचे वडील १ नोव्हेंबरला पुण्याहून तिकडे निघणार आहेत, त्यामुळे ३० ऑक्टोबर ही माझी खरी मुदत आहे.

मापांचा निरोप एका ओळीत आला आहे : बांगडी २.६, माळ १८, अंगठी ७, पदकाचा खडा १८ बाय १३, अंगठीत एक कॅरटचा अमेरिकन डायमंड, डुलांची तार २० गेज. गेज आणि कॅरट हे दोन शब्द सोडले तर एकाही आकड्यापुढे एकक नाही. माळेचे १८ इंचात आहेत आणि खड्याचे १८ मिलिमीटरमध्ये, हे लिहिणाऱ्यालाही आणि वाचणाऱ्यालाही केवळ सवयीने समजते.

कामाच्या वहीत या वेळी तीन रकाने आखले आहेत. पहिल्यात माप जसे आले तसेच लिहायचे, दुसऱ्यात ते नेमके कशाचे आहे ते लिहायचे, म्हणजे व्यास की परीघ, आतून की बाहेरून, आणि तिसऱ्यात मिलिमीटर. रूपांतरासाठी एकच आकडा पुरतो : १ इंच म्हणजे २५.४ मि.मी. हे गोळाबेरीज केलेले माप नाही. १९५९ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि आणखी काही इंग्रजीभाषक देशांनी आपापल्या इंचांतले सूक्ष्म फरक मिटवून इंचाची व्याख्याच तशी ठरवली, म्हणून २५.४ च्या पुढे दशांशस्थळे शोधण्याचे कारण नाही.

६ सप्टेंबर

काम सुरू करण्यापूर्वी मोजण्याची साधने तपासली. डिजिटल कॅलिपरचे जबडे स्पिरिटने पुसून बंद केले, तेव्हा पडद्यावर ०.०३ दिसत होते. जबड्यांत पॉलिशच्या लाल मातीचा थर बसला होता. कागदाची पट्टी जबड्यांत हलकेच धरून ओढून काढल्यावर शून्य आले. दहा रुपयांचे नाणे २७ मि.मी. व्यासाचे असते, ते मोजले आणि बरोबर तेवढेच भरले. ही काही प्रयोगशाळेतली पडताळणी नव्हे, पण कॅलिपर हातातून पडून बिघडला असेल तर एवढ्यावरून लक्षात येते.

कॅलिपरवर मि.मी. आणि इंच यांची अदलाबदल करणारे बटण असते, ते बोट लागून नकळत दाबले जाते. ०.७०५ असा आकडा दिसला, तर तो इंचात १७.९ मि.मी.चा खडा असू शकतो किंवा मि.मी.मध्ये २२ नंबरची तार असू शकते. बटणाशेजारी चिकटपट्टीवर 'मि.मी.' लिहून ठेवले आहे.

११ सप्टेंबर

बांगड्यांसाठी लागणारा पोलादी दांडा कातवायला दिला. घडवताना बांगडी या दांड्यावर ठोकून गोल करायची असते, त्यामुळे दांड्याचा व्यास म्हणजेच बांगडीचा आतला व्यास. २.६ गुणिले २५.४ बरोबर ६६.०४. लेथवर काम करणारे गृहस्थ म्हणाले, "ताई, सुतात सांगू नका, मि.मी.त सांगा, म्हणजे मागाहून भांडण नको." मी अभिमानाने ६६.०४ लिहिलेला कागद पुढे केला.

सूत हे माप आमच्या सुतार आणि फॅब्रिकेशनवाल्या मंडळींत अजूनही चालते. आठ सुतांचा एक इंच, म्हणजे एक सूत ३.१७५ मि.मी. दार-खिडकीला ते पुरते, दागिन्याला मात्र अर्धे सूतही खूप होते.

१४ सप्टेंबर

खंबातहून आणवलेला अकीक मोजला. ठरावीक मापाचे कापलेले खडे १४×१०, १८×१३, २५×१८ अशा ठरलेल्या जोड्यांत मिळतात आणि ते जगभर मि.मी.मध्येच विकले जातात, इंचवाल्या अमेरिकेतही. तरीही '१८×१३' हे खड्याचे नाव आहे, माप नव्हे. हा खडा १७.९ बाय १३.१ भरला आणि घुमटाची उंची ५.६ आली. एक-दोन दशांशांचा असा फरक मान्य धरला जातो, पण कोंदणाची पट्टी नावावरून कापली तर तो फरक पट्टीच्या सांध्यावर येऊन बसतो.

कोंदणासाठी ०.३ मि.मी. जाडीची चांदीची पट्टी घेतली. पट्टी वाकवली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली आवळली जाते, लांबी कायम राहते ती फक्त मधल्या रेषेची. म्हणून खड्याच्या दोन्ही व्यासांत पट्टीची एक जाडी मिळवावी लागते : १८.२ आणि १३.४. या दोघांची सरासरी १५.८, तिला ३.१४१६ ने गुणले की ४९.६ मि.मी. येतात. सगळे कारागीर असेच करतात आणि मीही तसेच केले. पट्टीची टोके भिडली, पण खडा आत जाईना. मधे पोस्टकार्डाच्या जाडीएवढी जागा कमी पडत होती.

कारण उघड आहे. सरासरीचे सूत्र वर्तुळाचे आहे आणि लंबवर्तुळाचा परीघ त्यापेक्षा नेहमी थोडा जास्त असतो. नेमके गणित केल्यावर ४९.९ आले, म्हणजे ०.३ मि.मी. जास्त. खडा जितका लांबट, तितकी ही तूट वाढते. दुसरी पट्टी ५०.० कापली, कानशीने टोके सरळ करताना दशांशभर गेले आणि खडा अंगठ्याच्या दाबाने टपकन बसला. पहिली पट्टी फुकट गेलेली नाही, ती १४×१० च्या एखाद्या खड्याला होईल.

२६ सप्टेंबर

मधले दहा-बारा दिवस गौरी-गणपतीत गेले. आज दांडा हाती आला. काम सुंदर झाले आहे, कुठेही मोजला तरी ६६.०४.

बांगडीची तार ३ मि.मी. व्यासाची, ९२५ चांदीची, म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी असलेली आहे. लांबीसाठी वरचेच तत्त्व वापरले : आतला व्यास अधिक तारेची जाडी, गुणिले ३.१४१६, म्हणजे ६९.०४ चे २१६.९. तार कापली, लालसर होईपर्यंत तापवून मऊ केली, दांड्यावर वळवली, टाकणखार लावून सांधा झाळला आणि लाकडी हातोडीने गोल केली. संध्याकाळी घरी जाऊबाईंच्या हातात घालून पाहिली. त्यांचे माप दोन-सहाच आहे. बांगडी मुठीवरून अशी घरंगळली की थेट कोपराजवळ जाऊन थांबली. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त हात खाली सोडला आणि बांगडी जमिनीवर पडली.

२७ सप्टेंबर

बांगडी घेऊन तुळशीबागेजवळच्या एका कासारांकडे गेले. त्यांनी ती बोटांत फिरवली, शेजारच्या काचेच्या बांगड्यांच्या जुडीवर ठेवली आणि मोजपट्टीला हातही न लावता म्हणाले, "ही दोन-सहा नव्हे ताई, दोन-दहाच्या जवळपास आहे. इंचाचे सोळा आणे असतात. दोन इंच सहा आणे म्हणजे दोन-सहा. तुम्ही त्याचे पॉइंट केलेत."

चूक माझी होती आणि ती शंभराव्या भागापर्यंत अचूक होती. बाईंनी जे २.६ लिहिले होते ते दशांशचिन्ह नव्हतेच, ती दोन आणि सहा यांना विलग करणारी नुसती खूण होती. बांगडीचे माप दोन पूर्णांक सहा सोळांश इंच असे वाचायचे असते. म्हणजे २.३७५ इंच, आणि मि.मी.मध्ये ६०.३३. मी त्यापेक्षा ५.७ मि.मी. मोठा दांडा करवला होता.

आपल्या व्यवहारातून आणे १ एप्रिल १९५७ रोजी गेले. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजनमापेही टप्प्याटप्प्याने आली. मनगटावरचा सोळावा हिस्सा मात्र तसाच राहिला. आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका दोन-चारला 'सव्वादोन' आणि दोन-आठला 'अडीच' म्हणत, आणि तसे म्हणणाऱ्याच्या हातून माझी चूक होणे शक्यच नव्हते. चार आणे म्हणजे पाव, आठ आणे म्हणजे अर्धा, हे शब्दातच बसलेले आहे. 'टू पॉइंट फोर' म्हणणाऱ्या पिढीने अपूर्णांकाचे नाव टाकले आणि आकडा तेवढा ठेवला.

घरी येऊन कासारांच्या मापांचा तक्ता केला. आतला व्यास असा येतो : दोन-दोन ५३.९८, दोन-चार ५७.१५, दोन-सहा ६०.३३, दोन-आठ ६३.५०, दोन-दहा ६६.६८ मि.मी. दर पायरीला दोन आणे, म्हणजे एक सूत वाढते. त्याहून मजेची गोष्ट परिघात सापडली. ३.१७५ ला ३.१४१६ ने गुणले की ९.९७ येतात, म्हणजे बांगडीच्या मापाची एक पायरी परिघात जवळजवळ बरोबर एक सेंटिमीटर असते. दोन-चारचा आतला परीघ १७९.५, दोन-सहाचा १८९.५, दोन-आठचा १९९.५. इंचाच्या सोळांशांवर उभारलेली पद्धत परिघापाशी येऊन मेट्रिकला अशी चिकटते, याची मला आजवर कल्पना नव्हती. आता एवढेच लक्षात ठेवायचे की 'अडीच' म्हणजे आतून वीस सेंटिमीटरला अर्धा मि.मी. कमी.

बाईंना निरोप पाठवून एकच प्रश्न विचारला : "नेहमीच्या बांगडीचा आतला व्यास मिलिमीटरच्या पट्टीने किती भरतो?" उत्तर आले, "साठ, किंवा किंचित जास्त."

२९ सप्टेंबर

नवा दांडा ६०.३ चा करवून आणला. जुना फळीवर ठेवला आहे.

झालेली बांगडी आटवायची नाही असे ठरवले. व्यास ५.७१५ ने कमी व्हायला हवा, म्हणजे परीघ १७.९५ ने. जुन्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना मिळून तेवढा तुकडा करवतीने काढला, त्यामुळे पहिला सांधाही त्याच तुकड्यात निघून गेला. टोके भिडवून पुन्हा झाळली आणि नव्या दांड्यावर गोल केली. दुसरी बांगडी सरळ १९८.५ मि.मी. तारेची केली. गणिताने १९८.९ येतात, पण दांड्यावर ठोकताना चांदी थोडी लांबते, म्हणून चार दशांश आधीच सोडले. दोन्ही बांगड्या एकमेकींवर ठेवल्या, तर प्रकाशाची फट दिसत नाही.

वजन साडेचौदा ग्रॅमच्या आसपास भरले. गणितही तेच सांगत होते : ३ मि.मी. तारेचे छेदक्षेत्र ७.०७ चौरस मि.मी., लांबी १९९, ९२५ चांदीची घनता १०.३६, म्हणून १४.६ ग्रॅम. सगळी मापे मेट्रिकमध्ये असली की वजन असे वहीच्या कोपऱ्यात निघते. हेच इंच, गेज आणि तोळे यांत करायला घेतले असते, तर दुपार गेली असती.

५ ऑक्टोबर

अंगठीचा घोळ. मागच्या आठवड्यात खात्रीसाठी मी वर्तुळांचा एक तक्ता पाठवला होता. तो छापून त्यावर आपली अंगठी ठेवायची आणि जे वर्तुळ आतून जुळेल त्याचा क्रमांक कळवायचा, अशी सूचना होती. आज उत्तर आले, साडेआठ. मूळ निरोपात ७ होते.

अमेरिकन क्रमांकाचे गणित सरळ आहे. शून्य क्रमांकाचा आतला व्यास ११.६३ मि.मी. आणि पुढे दर क्रमांकाला ०.०३२ इंच, म्हणजे ०.८१ मि.मी. वाढ. त्यानुसार ७ म्हणजे १७.३२ आणि साडेआठ म्हणजे १८.५४. एवढा फरक एका बोटात पडू शकत नाही, सकाळ-संध्याकाळची सूज धरली तरीही. तेव्हा संशय कागदावर आला.

माझा तक्ता ए-फोर कागदासाठी बनवला होता. अमेरिकेत लेटर आकाराचा कागद वापरतात, तो थोडा रुंद पण आखूड असतो : २१५.९ बाय २७९.४, ए-फोरचा २१० बाय २९७. छापणाऱ्या यंत्राने 'पानात बसवा' या नियमाने सगळे चित्र उंचीच्या हिशेबात आक्रसले, म्हणजे ९४ टक्क्यांवर आणले. वर्तुळे लहान झाली, त्यामुळे त्यांची अंगठी मोठ्या क्रमांकाच्या वर्तुळाशी जुळली. १७.३२ भागिले ०.९४ बरोबर १८.४, म्हणजे जवळपास साडेआठच.

पडताळणीसाठी त्यांना छापील तक्त्यातली ५० मि.मी.ची रेघ मोजायला सांगितले. त्यांच्याकडे इंचांचीच पट्टी हाताशी होती, म्हणून शेजारी एक पेनी ठेवून फोटो काढायला सांगितला, कारण अमेरिकन पेनीचा व्यास बरोबर पाऊण इंच, म्हणजे १९.०५ मि.मी. असतो. फोटोवरून रेघ ४७ च्या आसपास भरली. क्रमांक ७ कायम केला. अंगठीच्या पट्टीची जाडी १.२, लांबी १८.५२ गुणिले ३.१४१६, म्हणजे ५८.२ मि.मी.

यापुढे तक्त्यावर रेघेशेजारी ठळक वाक्य असेल : 'ही रेघ ५० मि.मी. भरली नाही, तर हा कागद टाकून द्यावा.'

९ ऑक्टोबर

'एक कॅरटचा अमेरिकन डायमंड.' या खड्याला आपण अमेरिकन डायमंड म्हणतो आणि अमेरिकेत राहणाऱ्या बाई त्याला सीझेड म्हणतात, म्हणजे क्युबिक झिर्कोनिया. नावाचा घोळ तिथेच संपतो, मापाचा मात्र सुरू होतो.

कॅरट हे लांबीचे एकक नाही, ते वजनाचे आहे. १९०७ मध्ये मेट्रिक कॅरट २०० मिलिग्रॅमचा ठरला. त्याआधी प्रत्येक मोठ्या बाजाराचा कॅरट थोडा निराळा होता. नीट कापलेला एक कॅरटचा गोल हिरा साधारण ६.५ मि.मी. व्यासाचा असतो आणि लोकांच्या मनात 'एक कॅरट' म्हणजे तेवढा दिसणारा खडा, असे चित्र पक्के बसलेले आहे. पण हिऱ्याची सापेक्ष घनता ३.५२ आहे, झिर्कोनियाची ५.८ च्या आसपास. त्यामुळे ६.५ मि.मी.चा झिर्कोनिया सुमारे १.६५ कॅरट भरतो, आणि खरोखर एक कॅरट वजनाचा घ्यायचा तर तो फक्त ५.५ मि.मी.चा येतो. वजन व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणून वजनातला हा मोठा फरक व्यासात एकच मि.मी. दिसतो. पण अंगठीच्या चार नख्यांना तो एक मि.मी. पुरेपूर समजतो.

बाईंना विचारले, खडा दिसायला एक कॅरटचा हवा की वजनाला? दिसायला हवा होता. ६.५ चा घेतला. वहीतून 'एक कॅरट' खोडून '६.५ मि.मी. गोल' लिहिले.

१२ ऑक्टोबर

डुलांची तार. दुकानात '२० गेज' मागितली आणि आणून मोजली, तर ०.९१ निघाली. बाईंनी मापासाठी आपल्या जुन्या डुलाचा तपशील दिला होता, त्यात तारेची जाडी ०.८ होती आणि त्यालाही २० गेजच लिहिले होते.

दोघेही बरोबर होते. आपल्याकडे गेज म्हणजे ब्रिटिश स्टँडर्ड वायर गेज, जो १८८४ मध्ये ब्रिटनमध्ये कायदेशीर प्रमाण ठरला. अमेरिकेत दागिन्यांच्या चांदीला ब्राउन अँड शार्प गेज लावतात. दोन्हींत आकडा वाढला की तार बारीक होते, कारण हा आकडा मुळात तार छिद्रांच्या जंतरपट्टीतून किती वेळा ओढली याच्याशी जोडलेला होता. पण पायऱ्या निराळ्या आहेत. आपली २० नंबरची तार ०.९१४ मि.मी., त्यांची ०.८१२. कागदावर हा एक दशांश किरकोळ वाटतो, पण कानाच्या छिद्रातून जाताना तो चांगलाच टोचतो. आमच्या घरी चाचणीची जबाबदारी कोणावर असते ते वर आलेच आहे. जाऊबाईंनी एकदाच "हं" म्हटले आणि तार परत दिली.

तक्ते शेजारी ठेवल्यावर एक सोयीची गोष्ट दिसली. आमच्या रोजच्या वापरातल्या टप्प्यात त्यांच्या आकड्यात एक मिळवला की आपला आकडा जवळपास येतो. त्यांची १८ नंबरची तार १.०२४, आपली १९ नंबरची १.०१६. त्यांची २० ची ०.८१२, आपली २१ ची ०.८१३. त्यांची २४ ची ०.५११, आपली २५ ची ०.५०८. मधे २२ पाशी मात्र थोडे घसरते : त्यांची ०.६४४ आणि आपली २३ ची ०.६१०. कामचलाऊ म्हणून हे ठीक आहे, पण खरेदीला जाताना मी आता 'शून्य पॉइंट आठ' असेच सांगते. दुकानदार आधी क्षणभर बघतात, मग कॅलिपर काढतात.

२१ नंबरची तार घेतली. डूल झाले.

१९ ऑक्टोबर

माळ. बाईंना विचारले होते की १८ इंच कसे मोजले. गळ्यातली नाजूक साखळी काढून टेबलावर सरळ ठेवली आणि मोजली, असे उत्तर आले. म्हणजे ४५७ मि.मी., पण बारीक साखळीचे. जाड मण्यांची माळ तेवढ्याच लांबीची केली तर गळ्यात आखूड बसते, कारण लांबी मण्यांच्या मध्यरेषेवर मोजली जाते आणि गळ्याला लागते ती मण्यांची आतली कड. फरक मण्याच्या व्यासाला ३.१४१६ ने गुणून येतो. ६ मि.मी.च्या मण्यांना जवळपास १९ मि.मी., म्हणजे पाऊण इंच. आठ मि.मी.च्या मण्यांना २५.१, म्हणजे जवळजवळ पुरा एक इंच. बांगडीच्या तारेची जाडी आणि कोंदणाच्या पट्टीची जाडी, तोच नियम इथे तिसऱ्यांदा भेटला. साखळी जिथे पोहोचते तिथेच माळ पोहोचायची असेल, तर लांबी ४७६ हवी.

आता मणी. 'सोळा इंची सर, ६ मि.मी. गार्नेट' असे लेबल आहे. हिशेबाने ४०६ मि.मी. लांबीत ६७ मणी बसायला हवेत. सर सोडवून मोजला : ६६ मणी, एकूण ३८७ मि.मी., म्हणजे सोळा नव्हे, सव्वापंधरा इंच, आणि मणी सरासरी ५.८७ चा. दहा मणी खाचेत ओळीने लावून एकदम मोजले की एकेकाच्या उंच-सखलपणाने गोंधळ होत नाही. मी कुरकूर करत नाही, सराची लांबी हेही १८×१३ सारखे नावच आहे. पण सोळा इंच गृहीत धरून काम आखले असते, तर शेवटच्या क्षणी वीस मि.मी. मोकळा दोरा हातात राहिला असता.

हूक, कड्या आणि पदकाची कडी मिळून २२ मि.मी. जातात. ४७६ मधून २२ आणि ३८७ गेले की ६७ उरतात. गार्नेटचा दुसरा सर फोडण्याऐवजी २ मि.मी. जाडीचे चांदीचे बारीक मणी मधे घातले : ३४ मणी, ६८ मि.मी. पदकाच्या दोन्ही बाजूंना ३३ गार्नेट आणि १७ चांदीचे मणी, दोन-दोन गार्नेटनंतर एक चांदीचा आणि हुकाजवळच्या शेवटच्या गार्नेटनंतर आणखी एक. सम-विषम आपोआप जुळले. ओवून झाल्यावर माळ ४७७ भरली.

२५ ऑक्टोबर

बाईंच्या आईंचा सांगलीहून फोन आला. पदकातला अकीक किती रत्तीचा आहे, हे त्यांना हवे होते.

कोंदणात बसवण्यापूर्वी खडा काट्यावर १.८८ ग्रॅम, म्हणजे ९.४ कॅरट भरला होता. काट्यावर ठेवण्याआधी मी अंदाजही काढला होता : घुमट म्हणजे लंबगोलाचा अर्धा भाग धरला, तर लांबी, रुंदी आणि उंची मि.मी.मध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करायचा आणि त्याला सापेक्ष घनता आणि ०.००२६ ने गुणायचे, की कॅरट येतात. अकीकाची घनता २.६ धरून ८.९ आले होते. उरलेला अर्धा कॅरट घुमटाखालच्या सरळ कडेत आहे, जी सूत्रात येत नाही.

रत्तीत सांगणे मात्र अवघड झाले. रत्नबाजारात रत्ती ०.९१ कॅरटची धरतात, त्या हिशेबाने खडा १०.३ रत्ती. पण सोनाराच्या तोळ्याची रत्ती, म्हणजेच आपली गुंज, ०.१२१५ ग्रॅमची असते. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा ११.६६ ग्रॅमचा तोळा. त्या हिशेबाने तोच खडा साडेपंधरा गुंजा. शिवाय आजच्या सराफी बोलण्यात तोळा १० ग्रॅमचा झाला आहे तो निराळाच. एकाच लाल-काळ्या बीच्या नावाने एवढा फरक चालतो. आईंना मी "एक ग्रॅम अठ्ठ्याऐंशी" म्हणून सांगितले. त्या म्हणाल्या, "ते ठीक आहे गं, पण रत्ती किती?" मी दहा म्हटले.

३० ऑक्टोबर

संच पूर्ण होऊन बाईंच्या वडिलांच्या स्वाधीन झाला. डबीत एक चिठ्ठी ठेवली आहे, तिच्यावर प्रत्येक दागिन्याचे माप मि.मी.मध्ये आणि वजन ग्रॅममध्ये लिहिले आहे. बांगडीपुढे 'आतला व्यास ६०.३, कासारी माप दोन इंच सहा आणे' असे दोन्ही लिहिले, आणि बिंदू मुद्दाम टाळून 'दोन' आणि 'सहा' अक्षरांत लिहिले.

१४ नोव्हेंबर

पाडव्याच्या सकाळी फोटो आला. बांगड्या मनगटाच्या हाडावर बसल्या आहेत. माळ साखळीच्या जागीच पोहोचली. अंगठी त्यांनी मधल्या बोटात घातली आहे, ती मी अनामिकेसाठी केली होती. मधले बोट त्या दिवशी बारीक होते म्हणे.

२ डिसेंबर

आज एका बाईंनी दोन-दहाच्या चांदीच्या बांगड्यांची जोडी सांगितली. त्यांनी स्वतःची जुनी बांगडीच आणून दिली होती. मोजली, आतला व्यास ६६.७.

फळीवरून सप्टेंबरचा दांडा खाली काढला. ६६.०४ आणि ६६.६८ यांत ०.६४ चे अंतर आहे. कोंदणासाठी आणलेल्या पट्टीच्याच जाडीचा, ०.३ मि.मी.चा पितळी पत्रा होता, तो दांड्याभोवती एक वेढा घट्ट गुंडाळला. पत्रा दोन्ही बाजूंना येतो, म्हणून व्यास ०.६ ने वाढला : ६६.६४. पत्र्याची टोके एकमेकांवर न चढवता भिडवून ठेवली आणि बांगडीचा सांधा त्याच रेषेवर येऊ नये, म्हणून दांड्यावर खडूने खूण केली.